फळ्यावरचा धूर

इंग्रजी म्हणी निरुपद्रवी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या आपल्या गल्लीत लिहून बघाव्यात. पुस्तकात असेपर्यंत त्या गरीब गाईसारख्या असतात. भिंतीवर आल्या की त्यांना शिंगं फुटतात.

आमची गल्ली तंजावूरच्या राजवाड्याच्या मागे. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, आणि देवळाच्या भिंतीला एक काळा फळा. त्यावर कृष्णमूर्ती सर रोज सकाळी एक तमिळ सुवचन लिहायचे आणि खाली अर्थ. सर मुलीकडे कोइम्बतूरला राहायला गेले आणि फळा पोरका झाला. आधी त्यावर 'माडीवरची खोली भाड्याने' आलं, मग क्रिकेटचा स्कोअर आला. तेव्हा गल्लीच्या असोसिएशनचे अध्यक्ष सीतारामराव मला म्हणाले, "अंबाक्का, तुम्हीं लिहा कीं. तुम्हांला इंग्लिश येतें. पोरांना उपयोग होईल."

येतं म्हणजे काय, मी कॉलेजची पायरी चढलेली नाही. माझं इंग्रजी रेडिओवरचं, औषधांच्या खोक्यांवरचं आणि रद्दीतून उचललेल्या शाळेच्या पुस्तकांतलं. पण खुद्द अध्यक्षांनी चारचौघांत 'तुम्हांला येतें' म्हटल्यावर 'येत नाही' म्हणायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नाही. आमचे हे, म्हणजे हनुमंतराव, वीज मंडळात नोकरीला, ते घरी आल्यावर इतकंच म्हणाले, "उघड्या तारेला हात लावलास." ह्यांना सगळ्या जगात उघड्या ताराच दिसतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मी शिस्तीत सुरुवात केली. वर इंग्रजी म्हण. खाली तमिळ अर्थ. त्याखाली आपल्या मराठीत अर्थ, पण तमिळ अक्षरांत. कारण गल्लीत मराठी घराघरांत बोलतात, पण देवनागरी वाचणारे देवळाचे पुजारी आणि मी, एवढेच. आणि सगळ्यांत खाली, ही माझी स्वतःची भर, 'आजचा धडा'. सगळं बिघडवलं ते या धड्याने.

पहिली म्हण होती, 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज.' रिकामी भांडी जास्त वाजतात. आजचा धडा : ज्याच्यात काही नसतं, तोच फार आवाज करतो.

खडू ठेवून घरी पोचते तोच शेजारच्या वेंकूबाई दारात. कमरेवर हंडा, आणि हंड्याहून मोठे डोळे.

"हें माझ्यावर कां लिहिलें?"

"अहो वेंकूबाई, तुमच्यावर नाहीं. इंग्लंडांतल्या भांड्यांबद्दल आहे तें."

"इंग्लंडांतल्या भांड्यांचा आवाज तुला कुठें ऐकूं येतो? पहाटे नळावर मीच जातें. माझींच भांडीं वाजतात. आणि ऐक, माझा हंडा भरलेला असतांनाहि वाजतो. तांब्याचा आहे. येऊन बघ!"

आपल्यात याच अर्थाने उथळ पाण्याला खळखळाट म्हणतात, ते किती शहाणपणाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाणी कुणाच्या घरचं नसतं, त्यामुळे कुणी अंगाला लावून घेत नाही. भांडी मात्र घरोघर असतात. वेंकूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हंडे पंच्यात गुंडाळून नळावर न्यायला सुरुवात केली. त्यांच्या खणखणाटावर अख्खी गल्ली उठायची. आता गल्ली झोपून राहिली. दूधवाला दारं बडवून कंटाळला, आणि सीतारामरावांची कुंभकोणमची बस चुकली.

म्हणून मी सीतारामरावांना बरं वाटेल अशी म्हण शोधली. लवकर उठणाऱ्या पाखराला किडा मिळतो. धडा : उशिरा उठणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सीतारामराव तरातरा आले. "बस चुकली तें तुम्हीं भिंतीवर लिहिलें?"

"तुमचें नांव कुठें आहे त्यांत?"

"नांव नाहीं, तेंच तर. नांव लिहिणारा सरळ माणूस असतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मारुतीच्या भिंतीवर किडा खायची गोष्ट? शनिवारीं?"

हा मुद्दा बिनतोड होता. किडा पुसून मी केळं लिहिलं. त्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या पाखराला पहाटे केळं मिळालं, आणि इंग्रजी भाषेत हे प्रथमच घडलं असावं. संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठराव आला : यापुढे प्रत्येक म्हण आदल्या दिवशी ग्रुपवर टाकावी, कुणाला टोचत नाही ना हे पाहावं, मगच लिहावी. मी 'नवा झाडू स्वच्छ झाडतो' टाकली. झाडूने कुणाला टोचल्याची तक्रार आली नाही.

आली ती वॉर्ड ऑफिसातून. निवडणुकीची आचारसंहिता सुरू होती. एक गृहस्थ मोटरसायकलवरून उतरले, फळ्याचा फोटो काढला आणि मला तमिळमधून विचारलं, "हा झाडू कोणाचा?"

"आमचाच," मी म्हटलं.

"नवा म्हणजे कोण? आणि जुना कोण? कोणाला झाडायचं आहे?"

मी त्यांना म्हणीचा अर्थ सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आणि ज्या अर्थी एवढा अर्थ आहे त्या अर्थी नक्कीच काहीतरी आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. अर्थ लेखी द्या म्हणाले, आणि तोवर फळा झाका. आमच्या ह्यांनी फळ्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ परत हजर. कारण वर्तमानपत्राच्या त्या पानावर एका उमेदवाराचा हसरा फोटो होता. शेवटी निवडणूक होईपर्यंत फळा ह्यांच्या जुन्या धोतराआड राहिला. धोतराचा काठ हिरवा होता. तोही आतल्या बाजूला घ्यायला लावला.

एवढ्यावर मी शहाणी व्हायला हरकत नव्हती. पण निवडणूक संपली, धोतर निघालं, आणि खडू पाहिला की माझे हात शिवशिवू लागतात.

आता खरी गोष्ट.

आमच्या समोर जयलक्ष्मी राहते. तिची मुलगी शांभवी माझ्या मांडीवर खेळलेली. आता हॉस्पिटलात फिजिओथेरपी करते आणि आठवड्यातून दोनदा बसने तिरुवैयारूला जाते. त्याच बसमध्ये तिला कार्तिकेय भेटला. आपल्यातलाच, तिथल्या बँकेत नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं आणि मग आपापल्या घरी, जणू काही माहीतच नाही अशा चेहऱ्याने, एका मध्यस्थाकरवी ते स्थळ आणवलं. आतली गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, कारण शांभवी आईच्या आधी मला सांगते.

"अक्का, सगळें ठीक होईल. फक्त त्याचे अप्पा," ती म्हणाली होती. "ते नारळ घेतांनाहि झाड कुणाचें तें विचारतात. आणि ते नको म्हणाले, तर कार्तिकेय त्यांना सोडून येणार नाहीं. मीहि ये म्हणणार नाहीं. घरीं दोघेच आहेत ते."

अप्पा म्हणजे बाळकृष्णराव. आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. तंजावूरच्या मराठी घरांत स्थळ आलं की मुलाकडचं एक वडील माणूस न सांगता मुलीच्या गल्लीत येतं. कुणाचा तरी खोटा पत्ता विचारतं, ओट्यावर टेकतं, पाणी मागतं, आणि शेजाऱ्यांकडे विषय काढतं. ते कोण, कशाला आलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच ठाऊक नसतं. शेजाऱ्याने वाईट बोलायचं नाही, हा धर्म. पण खोटंही बोलायचं नाही, हाही धर्म. मग काय करायचं? 'चांगलीं माणसें' असं एकदा म्हटलं तर खरोखर चांगली. दोनदा म्हटलं तर विचार करा. तीनदा म्हटलं तर पाणी पिऊन पहिल्या बसने परत जा.

बाळकृष्णराव ज्या सकाळी आले, त्या सकाळी मी फळ्यावर लिहिलं होतं : आग असल्याशिवाय धूर निघत नाही. ग्रुपवर ती मंजूरही झाली होती. सीतारामरावांनी अंगठा दाखवला होता. आजचा धडा : लोक काही बोलत असतील, तर त्यात काहीतरी असतंच.

मी खिडकीतून पाहिलं. पांढरा शर्ट, हातात छत्री, बारीक अंगाचे गृहस्थ फळ्यासमोर उभे. त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं. मान वळवून समोर जयलक्ष्मीच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा फळा. पुन्हा दार. खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. आणि पत्ता न विचारता, पाणी न मागता, छत्री उघडून निघून गेले.

दुपारी मध्यस्थाचा निरोप आला. "ते विचार करतात म्हणे."

जयलक्ष्मी माझ्या दारात आली ती चप्पल न घालताच. "अक्का, कसला धूर? माझ्या घरांतून कसला धूर निघाला तो सांग मला."

"जया, म्हण आहे गं ती."

"सगळ्या गल्लीला टोचून झालें, आतां माझ्या पोरीला टोचलेंस?" मागे शांभवी उभी होती. तिने आईचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता तिला घरी नेलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत धुराचा शोध सुरू झाला. शांभवीच्या बापाला कधी कर्ज होतं का, तिच्या मावशीचं काय झालं होतं, ती हॉस्पिटलातून एकदा उशिरा का आली होती. धूर नव्हता, पण म्हणीच्या भरवशावर जो तो काडी ओढून बघत होता.

मी ठरवलं, काट्याने काटा काढायचा. दुसऱ्या दिवशी लिहिलं : पुस्तकाची पारख कव्हरवरून करू नये. फोटो तिरुवैयारूला पोचला. कोण पाठवत होतं देव जाणे. मध्यस्थाने विचारलं, "मुलीच्या चेहऱ्याला कांहीं आहे कां? फोटोंत तर बरी दिसते." मी लिहिलं : प्रत्येक काळ्या ढगाला रुपेरी कड असते. निरोप आला, "ढग कसला तें आधीं कळूं द्या." मी घाबरून लिहिलं : मौन हे सोनं आहे. त्यावर गल्लीत कुजबुज झाली की अंबाक्काचं तोंड कुणीतरी बंद केलं. शेवटी मी ओल्या फडक्याने फळा लख्ख पुसला. तर लोक रिकाम्या फळ्यासमोर जास्त वेळ थांबू लागले.

"आतां पुरे," हे म्हणाले. "तार उघडी आहे, आणि तूं ती पाण्यांत टाकलीस."

मी ह्यांना मोपेड काढायला लावली आणि आम्ही तिरुवैयारूला गेलो. कालव्याच्या कडेने वाऱ्यात केस विस्कटून मी मनात वाक्यं जुळवत होते. बाळकृष्णरावांनी दार उघडलं, बसा म्हणाले, आणि स्वतः कॉफी करून आणली. कॉफीत साखर नव्हती. विचारायची माझी छाती झाली नाही.

मी सांगायला लागले. फळा, म्हण, धडा, सगळं. मग मी म्हणाले, "जयलक्ष्मीचीं माणसें चांगलीं आहेत हो." त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले, "फार चांगलीं माणसें." ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. पण तोंडातून निघालंच, "अगदीं चांगलीं."

बाळकृष्णरावांनी कप खाली ठेवला. "अंबाक्का, एक विचारूं? समोरच्या घराबद्दल कांहीं नाहीं, एवढें सांगायला कुणी भर उन्हांत इतकें लांब येतें कां?"

परतताना ह्यांनी एकही तार काढली नाही. यावरून माझी अवस्था काय होती ते समजावं.

तरी बाळकृष्णराव एकदा पुन्हा येऊन बघणार अशी कुणकुण शांभवीने आणली. ती फोनवर बोलत होती कार्तिकेयशी, माझ्याशी नाही. मला ती जयलक्ष्मीच्या खिडकीतून ऐकू आली. जयलक्ष्मीने घरोघर जाऊन सगळ्यांना पढवलं : विचारलं तर 'चांगलीं माणसें' म्हणा. एकदा. एकदाच. सीतारामराव तर आरशासमोर उभे राहून सराव करत होते. फक्त वेंकूबाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांना निरोप द्यायचं काम नेहमी माझं, आणि हंड्यापासून त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

आणि बाळकृष्णराव आले ते थेट नळावर, वेंकूबाईंच्या समोर.

"अम्मा, समोरचें घर कसें?"

मी खिडकीचे गज घट्ट धरले. समोरच्या खिडकीत जयलक्ष्मी आणि शांभवी. आमच्या तिघींच्या नजरा त्या क्षणी अनेक दिवसांनी एकत्र झाल्या, पण त्यात समेटापेक्षा भीतीच जास्त होती.

"कसें म्हणजे?" वेंकूबाईंनी पंचा सोडून हंडा दगडावर आपटला. गल्ली दणाणली. "तो बाप घोरतो, तें राजवाड्यापर्यंत जातें. आई माझा मुरुक्कूचा साचा नेऊन बसली आहे, पोंगल होऊन गेला. आणि ती पोर! माझा गुडघा धरला होता, तर रोज येऊन व्यायाम करायला लावायची. मी ओरडायची, शिव्या द्यायची, तरी सोडलें नाहीं. हट्टी! असली हट्टी पोर बघितली नाहीं. आतां बघा, चालतें, तर घरचें सगळें पाणी मलाच आणायला लावतात!"

जयलक्ष्मीने कपाळावर हात मारला. बाळकृष्णराव मात्र देवळाच्या ओट्यावर बसले, छत्री शेजारी ठेवली आणि म्हणाले, "आणखी सांगा."

हे पाहून सीतारामराव धावत आले आणि पाठ केलेलं एक वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण वेंकूबाईंचा ओघ बघून त्यांचाही बांध फुटला. "अध्यक्षाला मान देत नाहीं ती! कंबरेचा पट्टा लावा म्हणून भर रस्त्यांत ओरडली मला. चारचौघांत!"

"लावलांत कां?" बाळकृष्णरावांनी विचारलं.

"लावला," सीतारामराव पुटपुटले. "बरें वाटतें."

मग बाळकृष्णरावांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. "अंबाक्का, तुम्हीं त्या दिवशीं तीनदां चांगलें बोललांत. आतां एकदां वाईट बोला."

मी बाहेर आले. अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती, आणि दारात शांभवी. तिच्याबद्दल वाईट काय सांगू? मी आठवत राहिले. गप्प राहिले तर तो पुन्हा धूर झाला असता.

"मला गेल्या वर्षीं चिकुनगुनिया झाला," मी म्हटलं. "हात उचलत नव्हता. ही न विचारतां माझ्या स्वयंपाकघरांत शिरली. सकाळीं कामाला जायच्या आधीं आमचा स्वयंपाक, आल्यावर पुन्हा. आणि माझे सगळे डबे आपल्या मनानें लावले. मी बरी झालें, उठलें, तर माझ्या घरांत मलाच कांहीं सांपडेना. अजून हिंग सांपडला नाहीं. आणि आतां लग्न करून जाणार! मी काय करूं? हिंगासाठीं तिरुवैयारूला येऊं?"

रागावल्यासारखं बोलायचं होतं. शेवटच्या वाक्याला आवाजाने दगा दिला. शांभवी दारातून धावत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "चिंचेच्या बरणीमागें आहे, अक्का."

बाळकृष्णरावांनी छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"कार्तिकेयची आई होती ना," ते म्हणाले, "ती एका कपभर कॉफींत माणसें ओळखायची. मी नुसता मागें उभा. ती गेल्यापासून मला कांहीं कळत नाहीं हो. भिंती वाचत फिरतों." मग जयलक्ष्मीकडे वळून, "घरांत जायचें कां? कॉफी घेईन. साखर घाला. आमच्याकडे डबा सांपडत नाहीं."

कॉफी झाली. पुढच्या गोष्टी झाल्या. वेंकूबाईंचा चकलीचा साचा परत गेला, आणि आपण वाईट बोललो ते नेमकं चांगलं कसं झालं, हे न समजल्याने त्या संशयाने सगळ्यांकडे बघत बसल्या.

निघताना बाळकृष्णराव पायरीवर थांबले.

"तुम्हींहि आमच्याकडची चौकशी कराल. रीत आहे," ते म्हणाले. "आमच्या गल्लींत सगळे आमचे मित्र आहेत, त्यांना विचारूं नका. कोपऱ्यावर एक सुब्बुमामी आहेत. कार्तिकेयबद्दल त्या फार भयंकर बोलतात." आणि चेहऱ्यावर प्रथमच थोडं हसू आणत म्हणाले, "दुपारीं या. दुपारीं त्यांना वेळ असतो."